वापरलेलं इंजिन घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या २०१३ च्या स्विफ्ट डिझेलचं इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणतो, बांधण्यापेक्षा कुर्ल्याहून वापरलेलं आणू. पण दुकानात इंजिन नुसतं जमिनीवर ठेवलेलं असतं, चालू करून दाखवत नाहीत. मग बघायचं तरी काय? (वाचक, कराड)

उत्तर: धुऊन चकाचक केलेलं इंजिन दिसलं तर मला पहिली शंका तिथेच येते. ऑइल कुठून गळत होतं, कूलंट कुठे सुकलं होतं, हे सगळं धुण्यात वाहून गेलेलं असतं. मळकं इंजिन मिळालं तर उलट बरं, निदान ते खरं बोलतं.

सोबत लांब दांडीचा पान्हा न्या. क्रँकपुलीच्या (इंजिनाच्या टोकाला असलेली बेल्टची चाकी) बोल्टला लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला हाताला दाब लागतो. पान्हा अडतो, जोर लावून धरला की फुस्स करत पुढे सरकतो. दोन फेऱ्यांत हे चार वेळा व्हायला हवं. हळू फिरवताना थोडा दाब निसटतोच, पण तो चारही वेळा सारखाच निसटला पाहिजे. एखाद्या ठिकाणी पान्हा सुळकन निघून गेला तर तो सिलिंडर कमजोर आहे असं समजा. मग पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकला. हाताला ‘टक्’ जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकशाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं) झिजलं आहे. ते इंजिन सोडून द्या.

तुमचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. मारुती आणि टाटाच्याही अनेक गाड्यांत ते बसलं, म्हणून बाजारात सहज मिळतं. पण ७५ आणि ९० पीएस (ताकदीचं माप) इंजिनांचे टर्बो वेगळे असतात, तेव्हा ते कुठल्या गाडीतून निघालं हे आधी विचारा. यात टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते, आणि ऑइल वेळेवर न बदलल्याचा फटका तिलाच बसतो. ऑइल भरायचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड मारा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याला दोष देऊ नका. नखाने खरवडला तर निघेल असा डांबरी थर दिसला तर मात्र मागच्या मालकाने ऑइलची काळजी घेतलेली नाही. जमलं तर ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदी घड्या उलगडा आणि चमकणारे कण दिसतात का ते बघा. चुंबकाला न चिकटणारे पिवळट कण असतील तर बेअरिंगच्या शेल (क्रँकशाफ्टभोवतीच्या पातळ वाट्या) झिजत आहेत.

प्रश्न: विक्रेता म्हणतो ‘कॉम्प्रेशन एकदम ओके’. वॅगन-आरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. खात्री कशी करू? (वाचक, नाशिक)

उत्तर: गेज (सिलिंडरमधला दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, मोजायचं मीटर) लावून, तुमच्यासमोर. त्याआधी एक करा: गिअरबॉक्स सुटा करू नका असं विक्रेत्याला फोनवरच सांगा. तो निघाला की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बसवायला जागाच उरत नाही, मग इंजिन फिरवणार कसं? तिन्ही प्लग काढायचे, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवायचा, बॅटरी भरलेली हवी. बहुतेक पेट्रोल इंजिनांत आकडा १५० ते २०० पीएसआयच्या मध्ये येतो. मी मात्र आकड्यापेक्षा फरक बघतो. १६०, १६०, १५५ चाललं. १८०, १७५, १३० नको. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर गेलेला, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. (ऑइलची ही युक्ती डिझेलवर करू नका. तिथे पिस्टनच्या वर जागाच फार थोडी असते.)

प्रश्न: पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन कसं ओळखायचं? (वाचक, चिपळूण)

उत्तर: हा प्रश्न चिपळूणहून यावा यातच सगळं आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचे भाग बाजारात येतात.

पाणी ओसरतं, गाळ मागे राहतो. अल्टरनेटरच्या जाळीत, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये, टायमिंग कव्हरच्या मागे बोट घाला. माझ्याकडे एकदा बाहेरून निर्मळ दिसणारं इंजिन आलं होतं. थ्रॉटल बॉडी सोडवली तर गॅस्केटखाली तांबूस चिखलाची बारीक रेघ, मेंदीसारखी सुकलेली.

खरी भीती आत असते. चालू इंजिनाने पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तो ओळखायला पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून लांब स्ट्रॉ सोडा. पुली हळूहळू फिरवा, पिस्टन सगळ्यात वर आला की स्ट्रॉवर पेनाने खूण करा. सगळ्या सिलिंडरची खूण एकाच जागी पडली पाहिजे. एखादा पिस्टन एक-दोन मिलिमीटर खाली थांबत असेल तर त्याचा रॉड वाकलेला आहे, विक्रेता काहीही सांगो.

प्रश्न: जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ इंजिन बसवायचं आहे. चालेल? (वाचक, पणजी)

उत्तर: मेकॅनिकली बसतं, अनेकांनी बसवलंही आहे. पण कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी हे काम करून देत नाही.

प्रश्न: त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर कागदपत्रं काय लागतील? (वाचक, पुणे)

उत्तर: आधी आरटीओची परवानगी, मग काम, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि त्या जागेवरून बोट फिरवा. बाकी ब्लॉक खरखरीत आणि नंबराची जागा तेवढी ग्राइंडर मारल्यासारखी गुळगुळीत लागली, तर पैसे न देता परत या.