गोव्यात पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी केला की खरा फायदा कुणाला होतो?

सगळ्यात जास्त फायदा मोठी टाकी असलेल्याला, कारण सूट लिटरमागे मिळते. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राचे 5 आणि राज्याचे 7 धरून गोव्यात पेट्रोल 12 रुपयांनी उतरलं: स्कूटरच्या 5 लिटरला 60 रुपये वाचले, मोठ्या गाडीच्या 50 लिटरला 600. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, गोव्यातल्या पंपांवर सिंधुदुर्गातल्या गाड्याही टाकी फुल्ल करून जातात, म्हणजे गोव्याच्या तिजोरीतली सूट त्यांनाही. मी म्हापसा-पणजी बसने जातो. 2021 ची ती कपात झाली तेव्हा तिकीट एक रुपयानेही उतरलं नाही, हे मला फार खटकतं. पण संध्याकाळनंतर बस नसलेल्या गावातून स्कूटरवर कामाला येणाऱ्याला ते 60 रुपयेही मोठे असतात, एवढं मात्र खरं.