आधी गुडघा सरळ होऊ दे

प्रिय मुली,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटचं, म्हणजे हाडांना जोडून धरणाऱ्या पट्ट्याचं, ऑपरेशन झाल्यापासून गुडघा कधी वाकेल याचाच तू घोर लावून घेतलायस म्हणाली. वाकेल गं. आधी तो पूर्ण सरळ व्हायला हवा. पहिले दोन आठवडे हेच काम जिवापाड कर. पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकडा आखडतो. मग मांडी आवळ, पाच आकडे मोज, सोड. सुरुवातीला मांडी ऐकणारच नाही. सूज असली की मेंदूचा हुकूम त्या स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. माझं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा मी तळहात मांडीवर ठेवून बघत बसायचे. चौथ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या वर काहीतरी थरथरलं, तेव्हा रडूच आलं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ठाणे स्टेशनचे पूल गर्दीच्या वेळी नकोच. पोटरी दुखून सुजली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या महिन्यात दुखायचं थांबेल. मासुंदा तलावाला न लंगडता फेरी मारशील, बघणारे म्हणतील पोरगी बरी झाली. पण लिगामेंटच्या जागी मांडीमागून काढून बसवलेली ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तेव्हा आतून कच्ची असते. तिचं लिगामेंट व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमकुवत होते. याच भुलीत मी पाचव्या महिन्यात कबड्डीच्या मॅटवर उतरले. बोनस रेषेला पाय टाकला, वळले, आणि तोच ‘कट्’ आवाज पुन्हा. दुसरं ऑपरेशन, आणखी एक वर्ष. प्रशिक्षकांनी विचारलं नव्हतं, मीही फिजिओला सांगितलं नव्हतं.

2016 साली अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांना दिसलं, की नववा महिना येईपर्यंत मैदानावर परतणं जेवढं लांबवलं, तेवढ्या दर महिन्यामागे पुन्हा इजा व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. नुसते महिने मोजूनही भागत नाही. फिजिओ जमिनीवर टेप लावून एका पायावर उडी मारायला लावेल. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के भरायला हवी, मांडीची ताकदही तेवढीच. त्याआधी निवड चाचणी आली, तर ती सोड. घरात कोणी आग्रह केला तर मला फोन लाव, मी बोलते.

रविवारी येते. पाय लांब करून ठेव, गुडघ्यामागून माझी बोटं सरकतात का बघायचंय.

तुझी,
ताई