प्रोग्रॅमिंग न येता छोट्या रोबोंचा बोर्ड गेम घरी बनवता येईल का?

हो, नक्की येईल. ओझोबॉटसारखा रेघ पकडून चालणारा रोबो घ्या आणि खेळाचे नियम कागदावरच्या रेघांतच बसवा. मुलांच्या शिबिरांत असे खेळ करून पाहिल्यावर हाच मार्ग मला सर्वांत सोपा वाटतो. जेमतेम इंचभराच्या या रोबोच्या पोटाखाली रंग ओळखणारे सेन्सर असतात. साधारण 5 मिमी जाडीच्या काळ्या रेघेवरून तो चालतो आणि रेघेत लाल, निळा, हिरवा, काळा असे रंग ठरावीक क्रमाने आले की वेग बदलतो, वळतो किंवा मागे फिरतो. खेळासाठी सोन्यासारखी गोष्ट अशी, की रेघा एकमेकींना छेदतात त्या चौकाआधी असा रंगांचा संकेत नसेल तर वाट तो आपली आपण, कशीही निवडतो. म्हणजे फासा रोबोच्या आतच आहे! म्हणून चौकाच्या अलीकडे रेघेत थोडी जागा मोकळी सोडा. ज्याची पाळी, त्याने एकतर तिथे वळणाचा संकेत रंगवायचा (मोजकेच द्या, प्रत्येकी तीन पुरे), नाहीतर साधी काळी रेघ भरून नशिबावर सोडायचं. सगळी रंगत या निर्णयात आहे. डावी-उजवीचे संकेत एकाच दिशेने वाचले जातात, त्यामुळे परत येणाऱ्या रोबोचाही विचार करून चौक आखा. फक्त एक अट: उजेड किंवा कागद बदलला की रंग चुकीचे वाचले जाऊ शकतात, तेव्हा प्रत्येक डावाआधी त्याच कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर रोबो कॅलिब्रेट करून (म्हणजे त्या कागदाशी आणि उजेडाशी त्याचे सेन्सर जुळवून) घ्या.