फोर्स-रीइन्स्टॉल करूनही पांडाज इम्पोर्ट का होत नाही?

पांडाज २.०.३ (डेटा हाताळायची पायथन लायब्ररी) इम्पोर्ट करताना 'नंपाय डीटाइप साइझ चेंज्ड' अशी एरर येते (नंपाय ही पांडाजला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी) आणि पिपमध्ये, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरमध्ये, फोर्स-रीइन्स्टॉल वापरून डिपेंडन्सीसकट (पांडाजला लागणाऱ्या बाकीच्या पॅकेजेससकट) सगळं परत टाकलं तरी ती जात नाही, असं तुम्ही लिहिलंय.

तुमच्या फाइली खराब झालेल्याच नाहीत, त्यामुळे त्या परत टाकून फरक पडणार नाही. जून २०२४ मध्ये नंपाय २.० आलं आणि त्याची आतली बायनरी रचना बदलली. पांडाज २.०.३ त्याच्या वर्षभर आधीचं, जुन्या रचनेवर कंपाइल झालेलं. पण त्याच्या डिपेंडन्सीच्या यादीत नंपाय किमान कितवं हवं एवढंच लिहिलंय, वरची मर्यादा नाही. आणि फोर्स-रीइन्स्टॉल दिलं की आधी कोणतं व्हर्जन बसवलेलं आहे हे पिप बघतच नाही. अटीत बसणारं सगळ्यात नवं उचलतं. म्हणजे दर वेळी नंपाय २ च येणार! पॅकेजेस एकमेकांशी जुळतात का हे तपासणारं 'पिप चेक'सुद्धा तीच यादी वाचतं, म्हणून त्यालाही काही चुकीचं दिसत नाही.

दोन्ही व्हर्जनं एकाच कमांडमध्ये बांधून द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --फोर्स-रीइन्स्टॉल "पांडाज==२.०.३" "नंपाय<२"

अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर शेल '<' चा अर्थ 'फाइलमधून इनपुट घे' असा लावतो. 'पायथन -एम' मुद्दाम लिहिलंय. नुसतं 'पिप' कधी कधी भलत्याच पायथनमध्ये इन्स्टॉल करतं. ज्युपिटर नोटबुक वापरत असाल तर नंतर कर्नल (मागे चालणारं पायथन) रीस्टार्ट करा, जुनं नंपाय मेमरीत तसंच असतं.

एकच पॅकेज बिघडलं असेल तर सोबत --नो-डेप्स द्या, बाकीच्यांना हात लागत नाही. --नो-कॅश-डिर (पिपने साठवून ठेवलेल्या फाइली, म्हणजे कॅश, न वापरण्याचा पर्याय) मात्र इथे नको. सोर्सवरून स्वतः बिल्ड केलेलं व्हील (इन्स्टॉलला तयार पॅकेज फाइल) चुकीचं निघालं आणि पिप तेच कॅशमधून परत देतंय, अशा वेळी ते लागतं.

जुन्या पांडाजला चिकटून राहण्याचं कारण नसेल, तर २.२.२ किंवा पुढचं घ्या, ते नंपाय २ सोबत चालतं, २.२.२ ला पायथन ३.९ किंवा वरचं हवं. माझा आग्रह विचाराल तर व्हेन्व्ह (प्रोजेक्टचं वेगळं पायथन) फोल्डर सरळ उडवा आणि व्हर्जनं पक्की लिहिलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलवरून नवं बनवा. आणि यातलं काहीही सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून चालवू नका, त्याने सिस्टिमच्या पायथनमध्ये बदल होतात: लिनक्सवर सिस्टिमची कितीतरी टूल्स त्याच पायथनवर चालतात.