निविदा भरायच्या आधी

औसा, जि. लातूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेतात होतो, नीट बोलणं झालं नाही. "काका, दीड वर्षात नवं काम नाही, दोन बिलं अडकलीत, आता १८ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या तेवढा खाली दर टाकून का होईना तो ४० लाखांचा रस्ता घेतो," असं तू म्हणालास. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवरचं बोलणं विसरायला होतं, म्हणून लिहितोय. हे पत्र निविदेच्या फाइलीतच ठेव.

काम मिळत नाही म्हणजे तुझ्यात काही कमी आहे, हे आधी डोक्यातून काढ. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती. पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यांना हात लावता येत नाही. लाडक्या बहिणींसाठी त्याच वर्षी ३६ हजार कोटी ठेवले होते. त्या पैशावर रागावू नकोस. तुझ्या साइटवर काम करणाऱ्या मजुरांच्या घरात तेच १५०० रुपये येतात आणि त्यावर किराणा भरला जातो. पण तिजोरी एकच आहे. काटकसर करायची वेळ आली की कात्री तिथंच लागते, जिथं लगेच ओरड होत नाही. पगार थांबला तर मोर्चा निघतो. सुरूच न झालेला रस्ता कुणाच्या दारात जाऊन बसत नाही.

आता तुला कुणी शिकवलं नसेल ते सांगतो. कॉलेजात काँक्रीटचं मिश्रण शिकवतात, लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून पैसा निघतो ते, शिकवत नाहीत. आपल्याकडे प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता मिळाली, निविदा निघाली, कार्यारंभ आदेश हातात पडला, की पोरं पेढे वाटतात. पण मान्यता वेगळी आणि तरतूद वेगळी. एखाद्या शीर्षाखाली जितके पैसे असतात त्याच्या कितीतरी पट कामं मंजूर झालेली असतात. काही कामांसमोर तर नुसती टोकन तरतूद असते, काम यादीत राहावं एवढ्यापुरती. मग मार्च एंडला जो निधी येतो तो सगळ्या गुत्तेदारांत चिमूटचिमूट वाटला जातो. तुझं २० लाखांचं बिल असेल तर दीड-दोन लाख मिळतात आणि बाकीचं 'पुढच्या वर्षी बघू'. त्या पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर आधीच मागच्यांची थकबाकी बसलेली असते. २०२५ च्या सुरुवातीला गुत्तेदारांच्या संघटनांनी सगळ्या खात्यांची मिळून ८९ हजार कोटींची थकबाकी सांगितली होती. नव्या कामाचा पैसा कुठून निघणार, याचा हिशेब तूच कर.

मी हे तीनदा पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकताच डिप्लोमा होऊन घरी बसलो होतो. पुनर्वसन सुरू झालं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं नव्या जागी उभी करायची होती. दु:खाच्या मातीत आम्हा तरुण पोरांना काम मिळालं, आणि बिलंही वेळेवर निघायची. मला वाटलं, सरकारी काम म्हणजे असंच असतं. मी मिक्सर घेतला, कर्जावर ट्रॅक्टर घेतला. पुनर्वसन संपलं, पुढच्या काही वर्षांत राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला, आणि एका कार्यालयात माझं बिल दोन वर्षं पडून राहिलं. ट्रॅक्टर गेला. तुझ्या काकूच्या पाटल्या गेल्या, त्या अजून मला परत करता आल्या नाहीत.

दुसऱ्यांदा कोरोनात. ४ मे २०२० ला वित्त विभागाचा निर्णय आला की विकासकामांवर ३३ टक्केच खर्च करायचा आणि नवी कामं हाती घ्यायची नाहीत. तिसऱ्यांदा जुलै २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर मंजूर कामांना सरसकट स्थगिती आली. तेव्हा मात्र माझं नुकसान झालं नाही, कारण पाटल्या गेल्यापासून मी उधारीवर काम ओढणं सोडलं होतं.

आणखी एक आठवण सांगतो, तिचा तुझ्या निविदेशी संबंध नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी तान्हा होतो, माझी झोळी ढिगाशेजारच्या बाभळीला असायची, असं ती सांगायची. तेव्हा लोकांच्या हाताला काम नव्हतं म्हणून सरकारनं कामं काढली, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. म्हणून मला मनापासून वाटतं की सरकारला हात आखडायची वेळ आलीच, तर गावातल्या कामांवरचा हात सगळ्यात शेवटी आखडावा. एक गुत्तं थांबलं की मुकादम, मिस्त्री, टिप्परवाला, सिमेंटचा दुकानदार, साइटवर चहा आणणारं पोरगं, सगळे थांबतात. मराठवाड्यात याला पर्याय म्हणजे ऊसतोड नाहीतर पुणे.

आता तुझा रस्ता. अंदाजपत्रक ४० लाख. त्यात गुत्तेदाराचा नफा साधारण १० टक्के धरलेला असतो, म्हणजे खरा खर्च ३६ लाखांच्या वर. तू १८ टक्के बिलो गेलास की तुला मिळणार ३२ लाख ८० हजार. साडेतीन लाखांचा खड्डा पहिल्याच दिवशी. इतकं खाली गेल्यावर वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागेल ती निराळी. बिलातून टीडीएस, कामगार उपकर, अनामत कापली जाईल. त्यातलं काही नंतर परत येतं, पण आज डिझेल भरायला ते उपयोगी पडत नाही. बँक तुला देणार नाही, म्हणून तू सावकाराकडून महिना शेकडा ३ नं १५ लाख उचलशील. बिल १४ महिने लांबलं तर नुसतं व्याज ६ लाख ३० हजार. हे पैसे कुठून काढशील? सिमेंटमधून आणि डांबरातून. मग दोषदायित्व कालावधीत, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी तुझ्यावर असते त्या मुदतीत, रस्ता उखडेल आणि तो पुन्हा तुलाच करून द्यावा लागेल. तू प्रामाणिक आहेस म्हणून हे सांगतोय. प्रामाणिक माणूस १८ टक्के बिलोत बुडतोच.

म्हणून टेंडर क्लार्ककडे जायच्या आधी लेखा शाखेत जा. तीन गोष्टी विचार: हे काम कोणत्या क्रमांकाच्या शीर्षात आहे, ३०५४, ५०५४, २५१५ की जिल्हा नियोजनचं? त्या शीर्षाला या वर्षी किती तरतूद आहे? आणि मागचं देणं किती बाकी आहे? देणं तरतुदीपेक्षा जास्त असेल तर ती निविदा कितीही गोड दिसली तरी सोड. तोंडी सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाक, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तुझं अडकलेलं पाण्याच्या टाकीचं बिल जलजीवनचं, म्हणजे घरोघरी नळाचं पाणी द्यायच्या योजनेचं आहे. त्या योजनेत आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मेनिम्मे पैसे देतात. एकाचा हप्ता अडकला की सगळं अडकतं. तिची २०२४ ची मुदत फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली, म्हणजे योजना मेलेली नाही. पण स्वतःच्या कर्जावर टाकी पूर्ण करायला जाऊ नकोस. सुरक्षित टप्प्यावर काम थांबव, मोजमाप एमबीत (मोजमाप पुस्तकात) घ्यायला लाव, देयक न मिळाल्यानं काम थांबतंय असं लेखी दे आणि त्याच पत्रात मुदतवाढ माग. मुदतवाढ मागायची राहिली तर पैसे त्यांच्याकडे अडकलेले आणि दंड तुला, असं होतं. माझ्या ओळखीत दोघांचं झालंय.

प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का घे. कामाच्या पैशाचा दावा करायला कायद्यानं साधारण तीन वर्षं असतात. 'साहेब चांगले आहेत, देतील' म्हणत ती निघून जातात. मुदत संपायच्या आत खात्याकडून एवढं येणं बाकी आहे असं सही-शिक्क्याचं लेखी पत्र मिळालं, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. ४५ दिवसांत पैसे देण्याचा जो लघुउद्योगांचा कायदा आहे, त्यावर फार विसंबू नकोस. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना त्याचा आधार आहे, पण बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू होत नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिलेले आहेत. चांगल्या वकिलाला एकदा कागद दाखव.

सध्या हाताला काय घ्यायचं? खाजगी. सौरऊर्जा प्रकल्पांचे पाये आणि कुंपण, गोदामं, शेततळी, शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीकडे शेड. दर कमी वाटेल, पण टप्प्याटप्प्यानं पैसे दे म्हणता येतं. मोठ्या कंपनीखाली सबकाँट्रॅक्ट घेतलास तर लेखी ऑर्डरशिवाय फावडं उचलू नकोस.

मजुरांची उचल आणि हजेरी मात्र कधी बिलाला बांधू नकोस. सरकार थकलं हे तुझं दुखणं आहे, त्यांचं नाही. ज्या मुकादमाचे पैसे मी पाटल्या मोडून दिले, तो आज २५ वर्षं माझ्याकडे आहे.

आणि वडिलांची तीन एकर गहाण टाकायचा विचार तू बोलून दाखवला नाहीस, पण तुझ्या आवाजात मला तो ऐकू आला. तसं करू नकोस. थकलेल्या बिलांपायी तुझ्या वयाच्या पोरांनी जीव दिल्याच्या बातम्या मी वाचल्यात, त्या वाचताना तुझाच चेहरा समोर येतो. थकलेलं बिल ही लाजेची गोष्ट नाही, ते सरकारकडचं तुझं येणं आहे. घरात सांग, बायकोला सांग, रात्री दोनला वाटलं तर मला फोन कर. मी उचलीन.

रविवारी सकाळी ये. दोन्ही कामांच्या एमबीच्या प्रती, कार्यारंभ आदेश, आतापर्यंत दिलेली सगळी पत्रं आणि सावकाराकडून घेतलेल्या रकमेचा खरा आकडा घेऊन ये. काकू धपाटे करणार आहे, जेवूनच जा. त्या रस्त्याच्या निविदेची शेवटची तारीख सोमवार आहे ना? आपण बसून आकडे मांडेपर्यंत अनामत भरू नकोस.

तुझा,
काका