चीनची क्रांती मॉस्कोने घडवली का?

प्रश्न: आमच्या मित्रांमध्ये वाद झाला. एकाचं म्हणणं, चीनचा कम्युनिस्ट पक्ष रशियाने माणसं आणि पैसा पाठवून उभा केला, माओ वगैरे नंतरचे. कितपत खरं आहे? आणि आपले क्रांतिकारक एम. एन. रॉय पण तिकडे होते म्हणे, ते काय करत होते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सुरुवातीपुरतं तुमच्या मित्राचं बरंचसं बरोबर आहे. १९२० मध्ये व्हॉयटिन्स्की नावाचा बोल्शेविक चीनमध्ये येऊन ली दाझाओ आणि चेन दुश्यू या प्राध्यापकांना भेटला, गट जमायला लागले आणि जुलै १९२१ मध्ये शांघायला पहिलं अधिवेशन झालं तेव्हा देशभरात सदस्य होते जेमतेम पन्नासेक, आणि त्या बैठकीत कॉमिन्टर्नचा, म्हणजे मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचा, डच प्रतिनिधी मारिंगसुद्धा होता. पक्षाचा खर्चही मुख्यतः मॉस्कोच्याच पैशातून चालायचा. पण माओ नंतरचे नाहीत हं, ते त्या अधिवेशनाला हजर होते.

आता हे पण बघा की नुसत्या पैशाने तरुण येत नाहीत. १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात शांडोंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला दिले, ४ मेला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी सोव्हिएत सरकारने झारच्या काळात चीनवर लादलेले हक्क सोडायची तयारी जाहीर केली, मग त्या पोरांना रशिया आपला वाटणारच ना!

माझं स्पष्ट मत आहे की मॉस्कोने पक्ष जन्माला घातला आणि मॉस्कोच्याच हट्टामुळे तो जवळजवळ संपला. कम्युनिस्टांनी क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षात शिरून काम करायचं हा आदेश तिकडचा, सल्लागार बोरोदिन तिकडचा, व्हाम्पोआची लष्करी अकादमी १९२४ मध्ये सोव्हिएत मदतीने उघडली आणि तिचा प्रमुख कोण, तर क्वोमिंतांगचा सेनानी च्यांग काय-शेक. त्याच च्यांगने १२ एप्रिल १९२७ ला शांघायमध्ये कम्युनिस्टांची आणि कामगारांची कत्तल सुरू केली. एवढी माणसं गेली आणि स्टॅलिन म्हणे आमची लाइन बरोबरच होती, हे वाचून आजही संताप येतो. पुढे ओटो ब्राऊन या जर्मन सल्लागाराच्या युद्धनीतीने जिआंगशी प्रांतातला कम्युनिस्टांचा तळ गेला, लाँग मार्च म्हणजे लांबलचक पायी माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १९३५ मध्ये झुन्यीच्या बैठकीत ब्राऊन मागे पडला, माओ पुढे आले.

पण सगळ्यात मोठा परकीय हात मी जपानचा मानतो. १९३७ च्या आक्रमणाने च्यांगचं सैन्य खिळखिळं झालं, गावागावात जपान्यांशी लढणारे म्हणून कम्युनिस्टांना माणसं मिळाली, चाळीसेक हजारांचा पक्ष १९४५ पर्यंत बारा लाखांच्या आसपास गेला. १९६४ मध्ये जपानी समाजवाद्यांना माओ स्वतःच म्हणाले की तुमच्या सैन्याशिवाय आम्हाला सत्ता मिळाली नसती. अर्थात १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य ईशान्य चीनमधल्या मांचुरियात आलं आणि जपान्यांची शस्त्रं कम्युनिस्टांच्या हाती लागली, हेही विसरू नका.

रॉय १९२७ मध्ये कॉमिन्टर्नचे प्रतिनिधी म्हणून वुहानला होते. कम्युनिस्टांची स्वतंत्र फौज उभारा, जमिनी ताब्यात घ्या असा स्टॅलिनचा संदेश आला आणि तो त्यांनी क्वोमिंतांगच्या डाव्या गटाचे नेते वांग जिंगवेई यांनाच दाखवला, विश्वास बसेल म्हणून. झालं उलटंच, जुलैमध्ये वांगनेही कम्युनिस्टांशी संबंध तोडले. १९२९ मध्ये रॉयना कॉमिन्टर्नमधून काढलं, ते गुपचूप भारतात परतले आणि १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले.