तारांची ओढाताण

प्रश्न : सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, हे आम्ही शाळेपासून घोकतोय. मग दोन समांतर तारांतून एकाच दिशेने प्रवाह सोडला की त्या जवळ का येतात? दोन्हींत इलेक्ट्रॉनच धावतात ना? सर म्हणतात, डाव्या हाताचा नियम लाव. लावला की उत्तर येतं, पण पटत नाही. आणि घरातल्या वायरी कधी हलताना का दिसत नाहीत?
— बारावीची विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हाताची बोटं वाकडी करून मार्क मिळतात, समाधान मिळत नाही. तुझी तक्रार रास्त आहे.

तुझ्या हिशेबातून तांबंच सुटलंय. प्लग पॉइंटला असते ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर घे. तिच्या एक मीटर तुकड्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा प्रभार भरतो सुमारे ३४,००० कूलॉम. आकाशातून वीज पडते तेव्हा साधारण दहा-वीस कूलॉमचा मामला असतो, यावरून अंदाज कर. पण तेवढाच धन प्रभार त्याच तुकड्यात तांब्याच्या आयनांवर बसलेला असतो. दोघांची वजाबाकी शून्य. म्हणून शेजारच्या तारेला ढकलायला विद्युत बल जवळजवळ उरतच नाही. उरते ती फक्त इलेक्ट्रॉनांची चाल, आणि तीही १० अँपिअरला सेकंदाला जेमतेम ०.३ मिलिमीटर. गुणाकार करून बघ, ३४,००० गुणिले ०.०००३ मीटर म्हणजे बरोबर दहाच्या आसपास येतात.

या चालीमुळे तारेभोवती गोल गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतं. १८२० मध्ये ओर्स्टेडने तारेजवळची होकायंत्राची सुई वळलेली पाहिली, आणि त्याच वर्षी अँपिअरने दोन तारांमधलं बल दाखवलं. दुसऱ्या तारेतले इलेक्ट्रॉन पहिलीच्या क्षेत्रातून चालतात, म्हणून त्यांना आडवा रेटा बसतो. प्रवाह एकाच दिशेचे असले तर रेटा पहिल्या तारेकडे, उलट दिशांचे असले तर तिच्यापासून लांब. इथे पुस्तकं एक गोष्ट गाळतात. रेटा बसला तो इलेक्ट्रॉनांना, मग तार का हलते? कारण ते धातूतून बाहेर उडी मारू शकत नाहीत. एका कडेला किंचित दाटी करतात आणि मागे राहिलेल्या आयनांना आपल्याकडे खेचतात. तार सगळी मिळून सरकते.

आता घरातल्या वायरी. दोन्हींत १० अँपिअर आणि मध्ये ५ मिलिमीटर अंतर असेल, तर बल येतं मीटरला ०.००४ न्यूटन, म्हणजे ०.४ ग्रॅम वजनाएवढं. पाइपात बसलेली वायर त्याला काय भीक घालणार! शिवाय फेज आणि न्यूट्रलमध्ये प्रवाह नेहमी उलट, म्हणून तिथे ओढ नाही, ढकलणंच. घरातली वीज एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी, तिची दिशा बदलते, पण दोन्हींत एकदमच बदलते. त्यामुळे ढकलणं कायम राहतं, फक्त सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतं.

खरी गंमत प्रवाहाच्या वर्गात, म्हणजे स्क्वेअरमध्ये आहे: दोन्हींतला प्रवाह दुप्पट केला की बल चौपट. मी मकरपुऱ्याला वीज वाटणाऱ्या पॅनलच्या कामात आयुष्य काढलं. मोठ्या पॅनलची शॉर्ट सर्किट टेस्ट ५० किलोअँपिअरला होते. दोन बसबार, म्हणजे आतल्या प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, २० सेंटिमीटरवर असले तर मीटरला २,५०० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलो. आणि प्रवाहाचा पहिला उसळता कळस ५० किलोअँपिअरच्या दुपटीहून उंच जातो, तेव्हा बल चौपटीहून जास्त. मीटरला टनभर! टेस्टमध्ये नापास झालेलं एक पॅनल अजून डोळ्यांपुढे आहे. कडेची अॅल्युमिनियमची पट्टी बाहेरच्या बाजूला फुगलेली, तिच्या आधाराच्या इन्सुलेटरला उभी चीर, आणि पट्टीवरची लाल स्लीव्ह मात्र कुठेही करपलेली नाही. नवी पोरं म्हणायची, साहेब, तापून वाकली. तापायला वेळ कुठे मिळाला होता? तो कळस पहिल्या १० मिलिसेकंदांतच येऊन जातो. आधार जवळ जवळ घ्यायचे, हाच त्यावर इलाज. जाड पट्टी टाकून पैसे उधळणारे फार.

तुला हवी ती एकाच दिशेची ओढ बघायची असेल तर हायवेवरच्या ४०० केव्हीच्या लाइनकडे बघ. एका फेजला दोन तारा, मध्ये ४५ सेंटिमीटर आणि ठरावीक अंतरावर त्यांना लांब धरणारे स्पेसर. फॉल्टमध्ये प्रत्येकीतून २० किलोअँपिअर गेले तर ओढ मीटरला १८ किलोची. तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या मूज तारेचं स्वतःचं वजन मीटरला २ किलो. स्पेसर नसते तर त्या एकमेकींवर आपटल्याच असत्या.

घरी करायचंय? स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या ५ मिलिमीटर रुंद, फूटभर लांब दोन पट्ट्या ५ मिलिमीटर अंतरावर सैलसर उभ्या लाव. खालची टोकं जोडून वरच्या टोकांना दीड व्होल्टचा मोठा सेल क्षणभर टेकव. एकीतून प्रवाह खाली, दुसरीतून वर, म्हणून मध्ये फुगून लांब जातील. मग वरची टोकं एकत्र, खालची एकत्र करून सेल लाव, जवळ येतील. एका सेकंदाहून जास्त धरू नकोस, सेल आणि फॉइल तापतात. मोबाइलची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी आणि घरातला प्लग यांच्या वाटेला जायचं नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर सतत घूं-घूं करतो. आत काही सैल झालंय का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : बहुधा नाही. गाभ्याचं पोलाद चुंबकत्व आलं की लांबीला किंचित बदलतं, मग दिशा कुठलीही असो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा थरथरतं, तोच हा सूर. लोड नसतानाही तो येतो. आवाज अचानक वाढला किंवा तडतड ऐकू आली, तर मात्र वीज कंपनीला फोन करा, आणि जवळ जाऊन बघू नका.